नारळ अडला, खनिज निघून गेले

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गोवामुक्तीचा इतिहास आपण बहुधा तीन तारखांत सांगतो. १८ जून १९४६ रोजी मडगावात झालेली डॉ. राममनोहर लोहियांची सभा, १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात फडकलेला तिरंगा. या तारखांच्या आगेमागे एक लांबलचक काळ आहे, ज्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. तो काळ आर्थिक नाकेबंदीचा. १९५४ पासून पुढची काही वर्षे भारत सरकारने गोव्याशी होणारा व्यापार जवळजवळ तोडून टाकला होता. बंदूक न उचलता पोर्तुगालला नमवण्याचा तो प्रयत्न होता. या नाकेबंदीत कोणाचा माल अडला आणि कोणाचा अडला नाही, एवढाच हिशेब मला आज मांडायचा आहे. माझ्या मते त्या हिशेबात पुढच्या गोव्याची बरीचशी कहाणी दडलेली आहे.

आधी वाद काय होता ते थोडक्यात पाहू. इंग्रज गेले, पण पोर्तुगीज जायला तयार नव्हते. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने पोर्तुगालपुढे वाटाघाटींचा प्रस्ताव ठेवला. लिस्बनने चर्चेलाच नकार दिला. १९५१ मध्ये सालाझार सरकारने आपल्या घटनेत दुरुस्ती करून ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला आणि गोवा, दमण, दीव हे पोर्तुगालचे ‘सागरापलीकडचे प्रांत’ असल्याचे जाहीर केले. वसाहतच नाही, तर ती सोडायची कशी, असा तो युक्तिवाद होता. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केले. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत म्हणून झाला आणि दिल्लीत संताप उसळला. म्हणजे जगाच्या दृष्टीने हा प्रदेश वादग्रस्तच होता. आपल्या दृष्टीने तो आपला होता, पण सीमेवर जकातीचे नाके होते.

आता त्या वेळच्या गोव्याचा संसार पाहा. सुमारे ३,७०० चौरस किलोमीटरचा मुलूख आणि साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती. पिकणारे भात वर्षभर पुरत नसे, त्यामुळे तांदूळ बाहेरून आणावा लागे. भाजीपाला आणि जनावरे घाटावरून, बेळगावच्या बाजूने येत. विकायला काय होते? नारळ, सुपारी, काजू, आंबा, मासळी आणि मीठ. हा माल प्रामुख्याने कोठे जात असे? मुंबईला, बेळगावला, कारवारला, सावंतवाडीला. जमाखर्चात जी तूट येई ती भरून काढीत मुंबईत आणि आफ्रिकेत नोकरी करणारे गोवेकर. मुंबईतल्या गोवेकरांच्या ‘कुडां’मधून निघालेले पैसे महिन्याच्या महिन्याला साष्टी-बार्देशातल्या घरी पोचत. गोव्याचे चलनसुद्धा ‘रुपिया’ होते आणि त्याचे मोल आपल्या रुपयाशी बांधलेले होते. राज्य लिस्बनचे होते, पण चूल पेटत होती ती भारताच्या बाजारपेठेवर.

हे काही एका दिवसात घडलेले नव्हते. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात जो करार झाला, त्याने दोन्ही मुलखांची जकात जवळपास एक केली. गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मीठ विकून जगणाऱ्यांची त्यात दैना झाली आणि मुंबईची वाट धरणारे वाढले. १८९२ मध्ये तो करार संपला, पण त्याच्या आधाराने सुरू झालेली रेल्वे राहिली. मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत जाणारी ही मीटरगेज लाइन म्हणजे गोव्याची कण्याची नस. तिच्यामुळे मुरगाव हे केवळ गोव्याचे बंदर राहिले नाही. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मोठ्या टापूचे ते बंदर झाले. संडूरचे मँगनीज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून याच वाटेने परदेशी जात होते.

ही नस दाबायची, असे दिल्लीने ठरवले. पंडित नेहरूंना सैन्य घालायचे नव्हते. जगाला शांततेचा उपदेश करणाऱ्या देशाने शेजारच्या चिमुकल्या मुलखावर हल्ला करावा, हे त्यांना रुचत नव्हते. मग उरला आर्थिक दबाव. १९५४ पासून जाण्यायेण्यावर परवान्यांची बंधने आली, मालाच्या वाहतुकीवर आली, पैसे पाठवण्यावर आली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी आणि इतर ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर तर सगळेच दोर कापले गेले. त्याच महिन्यात कॅसलरॉकहून खाली उतरणारी रेल्वे थांबली, १ सप्टेंबरला पणजीतली आपली वकिलात बंद झाली. अपेक्षा अशी, की वर्षा-दोन वर्षांत गोव्यातले जीवन इतके कठीण होईल की सालाझारला वाटाघाटीला यावेच लागेल.

आता माल अडला म्हणजे नक्की काय झाले, हे समजून घ्यायचे तर नारळाच्या व्यापाराकडे पाहावे लागेल. नारळ हा वजनाला जड आणि किमतीला हलका माल. शेकड्याच्या भावाने तो विकला जातो. जितका लांब न्यावा तितके भाडे नफा खाते. मुंबई किंवा बेळगावपर्यंत तो परवडतो, लिस्बनपर्यंत कधीच नाही. आंब्याची गोष्ट आणखी अवघड. मानकुराद झाडावरून उतरला की त्याचे आयुष्य दिवसांत मोजायचे. मासळीचे तासांत. सुपारी टिकते खरी, पण ती खाणारा गिऱ्हाईक भारतातच. पोर्तुगालात पान खात नाहीत. म्हणजे या मालाला दुसरी बाजारपेठ शोधा, असे म्हणणे कागदावर सोपे होते. प्रत्यक्षात तशी बाजारपेठ पृथ्वीच्या पाठीवर नव्हती.

आणि या मालामागे माणसे किती होती! भाटकार म्हणजे जमीनदार हा एक झाला. त्याच्या मागे माडावर चढणारा पाडेली, नारळ सोलणारा, कुळागर शिंपणारा, मिठागरात राबणारा, मासळी खारवणारी बाई, होडीवाला, गाडीवाला आणि गावोगाव माल गोळा करणारा लहान व्यापारी. मोठ्या जमीनदाराला एखादे वाईट वर्ष काढता येते. मुंडकाराला, म्हणजे त्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहणाऱ्या माणसाला, ते काढता येत नाही. हा निर्यातदार कोणत्या अर्थाने सालाझारचा माणूस होता? उलट त्याचा सगळा व्यवहार, सोयरीक, देवदर्शन, मुलांची नोकरी हे सारे सीमेच्या अलीकडे होते. भारताशी गोव्याचे नाते ज्या धाग्यांनी टिकून होते, त्यातला हा सर्वांत चिवट धागा. नाकेबंदीची कात्री पहिल्यांदा पडली ती त्याच्यावर.

याच वर्षांत गोव्यात दुसरा एक निर्यातदार वाढत होता, त्याचा माल म्हणजे लोहखनिज. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या डोंगरांत ते होते हे पूर्वीपासून माहीत होते, पण त्याला भाव आला दुसऱ्या महायुद्धानंतर. जपान आपले पोलाद कारखाने नव्याने उभे करत होता आणि त्याला खनिज हवे होते. जपानी खरेदीदारांनी यंत्रसामग्रीसाठी कर्ज द्यायचे आणि त्याची फेड खनिजाने करून घ्यायची, अशा व्यवहारातून १९५० नंतर शिरगावच्या खाणीत यंत्रे आली. चौगुले, धेंपो, साळगावकर, तिंबले ही नावे याच काळात पुढे आली. १९५० साली गोव्याची खनिज निर्यात लाख टनांच्या आत होती. १९५४ मध्ये ती दहा लाख टनांच्या घरात गेली आणि १९६० च्या सुमारास पन्नास लाखांच्या पुढे.

आकडे पुन्हा एकदा नीट पाहा. नाकेबंदी ज्या वर्षांत कडक होती, त्याच वर्षांत गोव्याची ही निर्यात पाचपट झाली. याचे कारण भूगोलात आहे. खनिज खाणीतून नदीकाठी यायचे, तेथून बार्जमध्ये भरून मांडवी आणि जुवारी या नद्यांनी मुरगावला जायचे. पावसाळ्यात मांडवीचे मुख वाळूच्या दांड्याने बंद झाले, तर मधून कुंभारजुव्याचा कालवा होताच. मुरगावला जहाज लागले की माल थेट जपानला किंवा पश्चिम जर्मनीला. या सबंध प्रवासात भारताची एक इंचही जमीन लागत नव्हती. आपण कॅसलरॉकचा दरवाजा बंद केला, पण खनिजाचा दरवाजा पश्चिमेला, समुद्राकडे उघडत होता. तो बंद करायचा तर आरमार लागले असते, आणि आरमार वापरायचे नाही म्हणून तर नाकेबंदी केली होती!

या खनिजाच्या पैशाने पोर्तुगीज राजवटीला श्वास दिला. पूर्वी जे बेळगावहून येई ते आता जगभरातून येऊ लागले. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, पाकिस्तानातून तांदूळ, जपानचे सिमेंट. दाबोळीला विमानतळ बांधला गेला, १९५५ मध्ये गोव्याची स्वतंत्र विमानसेवा सुरू झाली आणि कराचीशी हवाई संपर्क जोडला गेला. १९५९ च्या आरंभी ‘रुपिया’ जाऊन पोर्तुगालचे ‘एस्कुदो’ हे चलन आले. एका रुपियाला सहा एस्कुदो. नाण्यावरचे नातेही तुटले. परकीय चलन हाती खेळत होते आणि आयातीवर जकात कमी होती. त्यामुळे पणजी-मडगावच्या दुकानांत स्विस घड्याळे, स्कॉच, सुगंधी साबण, रेडिओ यांची रेलचेल झाली. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात गेलेल्या भारतीय जवानांना आणि अधिकाऱ्यांना या दुकानांचे अप्रूप वाटले होते. उपाशी गोवा पाहायला मिळेल अशी ज्यांची कल्पना होती, त्यांना भरलेली दुकाने दिसली. अर्थात दुकान भरलेले असणे म्हणजे मुंडकाराची चूल पेटलेली असणे नव्हे. तो फरक दुकानाच्या काचेतून दिसत नाही.

सीमेच्या आपल्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. बेळगावच्या भाजीवाल्याचे जवळचे गिऱ्हाईक गेले. बांदा, सावंतवाडी, कारवार या गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा बाजार मोडला. घाटावरच्या खनिज व्यापाऱ्याचे जवळचे बंदर गेले आणि त्याला लांबची बंदरे शोधावी लागली. निर्बंध लावणारा देशही निर्बंधाची किंमत मोजत असतो. ती किंमत मात्र राजधानीत मोजली जात नाही, सीमेवरच्या तालुक्यात मोजली जाते.

जेथे उघडा व्यापार बंद होतो, तेथे चोरवाट पडते. सीमेलगतच्या गावांत माझ्या पिढीने वडीलधाऱ्यांकडून ज्या गोष्टी ऐकल्या, त्या सत्याग्रहाच्या होत्या तशा रात्रीच्या वाटांच्याही होत्या. अलीकडून तांदूळ, कांदे, कापड जायचे. पलीकडून सोने, घड्याळे आणि दारू यायची. ज्याने वर्षानुवर्षे चोख पावती करून सुपारी विकली तो व्यापारी बसून राहिला आणि ज्याला जंगलातली पायवाट ठाऊक होती तो वर आला. हे केवळ गोव्यातच घडले असे नाही. पण गोव्याच्या सीमेवर ते फार स्पष्ट दिसले.

मग ही नाकेबंदी चुकलीच, असे म्हणायचे का? मी इतक्या सहज निकाल देणार नाही. सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्यावर भारत सरकारने जणू काही घडलेच नाही अशा थाटात व्यापार चालू ठेवला असता, तर ते कोणाला सहन झाले असते? निर्बंध हे कधीकधी परिणामासाठी नसतात, निषेधासाठी असतात. शिवाय रेल्वे आणि रोजचा व्यापार तुटल्यामुळे पोर्तुगालला गोवा सांभाळणे महाग पडू लागले, हेही खरे. पण ज्या उद्देशाने ती लावली तो उद्देश तिने साधला नाही. सालाझार वाटाघाटीला आला नाही. अखेर १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री सैन्य हलवावे लागले आणि दोन दिवसांत प्रश्न सुटला.

खाणमालक म्हणजे सगळे पोर्तुगीजांचे पक्षपाती, असाही सोपा निष्कर्ष काढता येत नाही. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. १९६३ मध्ये बहुजन समाजाने त्यांना डोक्यावर घेतले आणि १९६४ मध्ये त्यांच्याच सरकारने कुळांच्या हिताचा कायदा आणला. माणसांच्या निष्ठा मालाच्या वाटेवरून ठरत नाहीत. बळ मात्र मालाच्या वाटेवरून ठरते. नाकेबंदीच्या वर्षांत ज्याचा माल समुद्राकडे जात होता त्याचे बळ वाढले आणि ज्याचा घाटाकडे जात होता त्याचे घटले.

हीच गोष्ट दुसऱ्या एका वादग्रस्त भूमीतही दिसते म्हणून तिचा उल्लेख करतो. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटाची १९७४ मध्ये फाळणी झाली. उत्तरेकडच्या तुर्की भागाने १९८३ मध्ये स्वतःला स्वतंत्र घोषित केले, पण तुर्कस्तानाखेरीज कोणी त्याला मान्यता दिली नाही. त्या भागात संत्र्या-लिंबांच्या बागा आहेत आणि फळे ब्रिटनमध्ये विकली जात. ५ जुलै १९९४ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की मालाच्या उगमाचा आणि निरोगीपणाचा दाखला मान्यताप्राप्त सायप्रस सरकारचाच हवा. संत्रे तेच, झाड तेच, पण दाखल्यावरचा शिक्का चालेना. परिणाम असा झाला, की उत्तर सायप्रसचा निर्यातदार युरोपपासून दूर गेला आणि तुर्कस्तानावर अधिकच अवलंबून राहिला. वाद सुटावा म्हणून जे केले, त्याने दोन्ही बाजूंमधले अंतर वाढवले. कुळागरातला सुपारीवाला आणि सायप्रसचा संत्रेवाला यांना एकमेकांची भाषा आली नसती, पण दुखणे लगेच कळले असते.

गोव्यात त्या सात वर्षांचे जे मागे राहिले ते नाकेबंदी संपल्यावर संपले नाही. मुक्तीनंतर रेल्वे पुन्हा धावू लागली, बेळगावची भाजी पुन्हा म्हापशाच्या बाजारात आली. पण अर्थव्यवस्थेचा तोल खनिजाकडे झुकला तो झुकलाच. पोर्तुगीजांनी दिलेल्या खाणींच्या सनदा पुढे पंचवीस वर्षे तशाच चालू राहिल्या. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर केले. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाच्या प्रश्नावरून गोव्यातल्या खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, तेव्हा बार्जवाले, ट्रकवाले, गॅरेजवाले एका दिवसात बेकार झाले. एकाच मालावर एवढ्या लोकांचे पोट कसे आले, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. त्याच्या उत्तराची सुरुवात पन्नासच्या दशकात शोधावी लागते. ज्या काळात गोव्याचे बाकीचे माल वाटेत अडले होते, त्या काळात हा एकच माल मोकळा होता.

आजही जगात एखाद्या प्रदेशावर निर्बंध लागले की बातमीत त्या प्रदेशाचे नाव येते. प्रदेशाला मात्र भूक लागत नाही, ती माणसांना लागते. म्हणून अशी बातमी वाचताना मी नकाशात आधी तिथली बंदरे आणि बाजारपेठा शोधतो. तिथला कोणता माल शेजाऱ्याकडे जातो, कोणता लांब समुद्रापार जातो आणि पहिला माल कोण पिकवतो, एवढे कळले की निर्बंधांचा घाव कोणावर बसणार याचा अंदाज येतो. निर्बंध लावणाऱ्या शेजाऱ्याकडेच ज्याचे तोंड आहे, त्याच्यावर तो आधी बसतो. गोव्याच्या नारळवाल्याने ही गोष्ट आपल्या घरच्या इतिहासात लिहून ठेवली आहे. ती वाचायला दूर कोठे जावे लागत नाही.